झेनोफन: सैनिकांना जाब देणारा सेनापती

उंबरठाण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ग्रीक इतिहासाचा विषय निघाला की आपली गाडी अलेक्झांडर आणि पोरसवर येऊन थांबते, फार तर थर्मोपिलीच्या खिंडीपर्यंत जाते. मला मात्र कित्येक वर्षं एका वेगळ्याच माणसाने धरून ठेवलंय, तो म्हणजे झेनोफन. अथेन्सचा, इ.स.पू. ४३० च्या आसपास जन्मलेला, वडिलांचं नाव ग्रिलस, घरी घोडे बाळगण्याइतकी ऐपत. अख्खं बालपण आणि तारुण्य अथेन्स-स्पार्टाच्या युद्धात गेलं, ते इ.स.पू. ४०४ मध्ये अथेन्स हरलं, शहरात तीस जणांची जुलमी राजवट येऊन गेली, आणि या सगळ्या धामधुमीत हा पोरगा सॉक्रेटिसच्या मागे मागे फिरत होता.

इ.स.पू. ४०१ मध्ये प्रॉक्सेनस नावाच्या मित्राने त्याला बोलावलं, की ये इकडे, इराणचा राजपुत्र धाकटा सायरस याच्याशी ओळख करून देतो. झेनोफनने सॉक्रेटिसला विचारलं. तो म्हणाला डेल्फीला जाऊन देवाला विचार. याने तिथे जाऊन काय विचारलं, तर प्रवास नीट व्हावा म्हणून कुठल्या देवांना बळी द्यावा. जाऊ की नको हे विचारलंच नाही! सॉक्रेटिस रागावला, पण आता विचारून आलायस तर देवाने सांगितलंय तसं कर म्हणाला. हे सगळं झेनोफनने स्वतःच लिहून ठेवलंय.

पुढचं थोडक्यात सांगतो. सायरसला आपला थोरला भाऊ, सम्राट दुसरा अर्टाझर्क्सीस, याला हटवून गादी घ्यायची होती, पण ग्रीक भाडोत्री सैनिकांना सांगितलं होतं की पिसिडियातल्या डोंगरी टोळ्यांचा बंदोबस्त करायचाय. टार्ससला पोचेपर्यंत सैनिकांना संशय आला आणि ते अडून बसले, मग महिन्याचा पगार एका डॅरिकवरून (हे इराणी सोन्याचं नाणं) दीड डॅरिक झाला आणि फौज पुढे सरकली. बॅबिलॉनजवळ कुनाक्साला लढाई झाली, ग्रीकांनी आपली बाजू जिंकली, पण सायरस सरळ भावाच्या अंगावर धावून गेला आणि मारला गेला. म्हणजे ज्याच्यासाठी आलो तोच संपला. त्यानंतर टिसाफर्नीस या इराणी सुभेदाराने बोलणी करायला म्हणून झाब नदीपाशी पाच सेनापती आणि वीस कप्तान बोलावून घेतले, सेनापतींना पकडलं, कप्तानांना तिथेच कापलं. पकडलेल्या सेनापतींनाही नंतर मारलं. त्यात क्लिआर्कस होता, मेनन होता आणि प्रॉक्सेनसही होता.

त्या रात्री छावणीत कुणी नीट जेवलं नाही, बऱ्याच जणांनी शेकोट्यासुद्धा पेटवल्या नाहीत, जो जिथे होता तिथे आडवा झाला. झेनोफन तोवर ना सेनापती होता ना कप्तान ना शिपाई, नुसता मित्राबरोबर आलेला माणूस. त्याला स्वप्न पडलं की वडिलांच्या घरावर वीज पडलीये आणि सगळं घर उजळून निघालंय. दचकून उठला आणि विचार करायला लागला की मी कशाची वाट बघतोय, कुठल्या गावचा सेनापती येऊन हे करणार आहे? प्रॉक्सेनसच्या कप्तानांना उठवलं, बोलला, आणि सकाळपर्यंत नवे सेनापती निवडले गेले, त्यात हा एक. स्पार्टाचा चिरिसोफस आघाडीला, झेनोफन पिछाडीला.

आता मला जे सांगायचंय ते. या मोहिमेवर झेनोफनने लिहिलेलं 'अनाबासिस' हे पुस्तक लोक साहसकथा म्हणून वाचतात, बर्फ, डोंगर, शत्रू, शेवटी समुद्र. ते आहेच. पण माझ्या मते त्याचा गाभा वेगळा आहे. या फौजेला राजा नव्हता, शहर नव्हतं, पगार नव्हता. हुकूम मानलाच पाहिजे असं कुणावर बंधन राहिलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येक मोठी गोष्ट सभेत बोलून, पटवून, हात वर करून ठरवावी लागायची. गाड्या आणि तंबू जाळायचे का, हेसुद्धा. आणि संकट टळल्यावर, काळ्या समुद्राच्या काठावर कोटियोराला, त्याच सैनिकांनी सेनापतींचा हिशोब मागितला. दोघांना जहाजांच्या मालात तूट आली म्हणून वीस मिना (ग्रीक चलन) भरायला लावले, तिसऱ्याला हलगर्जीपणासाठी दहा. झेनोफनवर आरोप आला की तू आम्हाला मारहाण केलीस.

तो प्रसंग मला पाठ आहे. आरोप करणारा एक खेचर हाकणारा. झेनोफनने त्याला विचारलं, कधी मारलं तुला? तो म्हणाला, थंडीने मरत होतो, बर्फ पडत होता तेव्हा. मग झेनोफनला आठवलं. बर्फात एक आजारी सैनिक या माणसाच्या खेचरावर घालून दिला होता. मागून पिछाडी घेऊन झेनोफन पोचला तर हा बाबा त्या आजाऱ्याला पुरायला खड्डा खणतोय. झेनोफनने आधी शाबासकी दिली, मेलेल्याला पुरतोय म्हणून. तेवढ्यात त्या 'मेलेल्या' माणसाचा पाय हलला. बाकीचे ओरडले, अरे जिवंत आहे! तर हा म्हणाला, असू दे जिवंत, मी काही त्याला वाहून नेणार नाही. तेव्हा झेनोफनने त्याला हाणलं. आरोपी म्हणून उभं राहून हे सगळं सांगितल्यावर तो माणूस म्हणतो, पण शेवटी मेलाच ना तो? झेनोफन म्हणतो, मरणार तर आपण सगळेच आहोत, म्हणून काय जिवंतपणी पुरायचं? सभा म्हणाली, याला कमीच मार पडला.

ज्याने हजारो लोक वाचवायला हातभार लावला त्याला भर सभेत एका खेचरवाल्याला उत्तर द्यावं लागतं, तो देतो, आणि पुढे पुस्तकातही ते लपवत नाही. मला झेनोफन आवडतो तो यासाठी. तुमची मतं सांगा, विरोधी असतील तर आणखी उत्तम.

कातळवाट

वाचनखूण साठवली. फार सुंदर लिहिलंय, पण एका मुद्द्यावर माझा ठाम विरोध आहे. 'तो लपवत नाही' हे आपल्याला कोण सांगतंय, तर तोच! अख्खं पुस्तक तृतीयपुरुषात आहे, 'झेनोफन म्हणाला', 'झेनोफनने केलं', आणि आपल्या दुसऱ्या पुस्तकात, 'हेलेनिका'त, या मोहिमेची हकीकत सिराक्यूजच्या थेमिस्टोजेनिसने लिहिलीये असं तोच सांगतो. बहुतेक अभ्यासक हे त्याचंच टोपणनाव मानतात. आणि डायोडोरस नावाचा नंतरचा इतिहासकार हीच माघार सांगतो तेव्हा झेनोफनचं नावच घेत नाही, तिथे सगळा भार चिरिसोफसवर आहे, झेनोफन येतो तो थेट पुढे थ्रेसमध्ये. त्यामुळे खेचरवाल्याची गोष्ट वाचताना मला वाटतं की हा वकिलाने लिहिलेला जबाब आहे, दुसऱ्या बाजूचा वकीलच हजर नाही.

उंबरठाण

@कातळवाट, मुद्दा मान्य, आणि तो कायम डोक्यात ठेवूनच वाचलं पाहिजे. डायोडोरस मात्र साडेतीनशे वर्षांनंतरचा, आणि त्याच्यापुढे कुठली साधनं होती त्यावर ते अवलंबून. पण मी म्हणतो ते थोडं वेगळं. समजा झेनोफनने स्वतःला फुगवलंय. तरी फुगवताना त्याने स्वतःला कसं दाखवावंसं वाटलं ते बघा. एका चढावर सगळे धावतायत, हा घोड्यावरून ओरडून हुरूप देतोय, तेवढ्यात सोटेरिडास नावाचा शिपाई म्हणतो, तुझं नि माझं सारखं नाही झेनोफन, तू घोड्यावर बसलायस आणि मी ही ढाल वाहून दमलोय. झेनोफन खाली उडी मारतो, त्याला रांगेतून ढकलतो, ढाल हिसकावून घेतो आणि स्वतः चढायला लागतो, अंगात घोडेस्वाराचं जड चिलखत असताना, आणि मागे पडायला लागतो. शेवटी बाकीचे शिपाई सोटेरिडासला बडवून बडवून ढाल परत घ्यायला लावतात. कुठल्या सेनापतीने आपल्याबद्दल लिहिताना 'मी दमलो, मागे पडलो' असं लिहिलंय?

शिवाय सगळ्यांना माहीत होतं म्हणे की झेनोफन जेवत असला तरी त्याच्याकडे जाता येतं, झोपला असेल तर उठवता येतं. केंट्रिटिस नदीपाशी पुढे पाणी, पलीकडे शत्रू, मागे कार्डुखी टोळ्या, अशी पंचाईत झालेली असताना दोन पोरं न्याहारीच्या वेळेला पळत आली, की आम्ही सरपण गोळा करताना पलीकडे एक म्हातारा, एक बाई आणि मुली कपड्यांची गाठोडी खडकात ठेवताना पाहिल्या, म्हणून पलीकडे गेलो तर पाणी कमरेलासुद्धा लागलं नाही. उतार सापडला तो असा.

घाटमाथा

कामानिमित्त काही वर्षं एर्बिलला होतो, इराकी कुर्दिस्तानात. मोसुलकडे जाताना ग्रेट झाब ओलांडावी लागते. तीच ही झाब जिच्या काठी सेनापती पकडले गेले. पहिल्यांदा पुलावरून गेलो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं, नंतर वाचल्यावर दरवेळी गाडीतून नदी संपेपर्यंत बघत बसायचो.

धाग्यात नाही म्हणून भर घालतो. झाब ओलांडल्यावर ही फौज तैग्रिसच्या काठाने दोन ओसाड शहरांजवळून गेली. झेनोफन त्यांना लारिसा आणि मेस्पिला म्हणतो. लारिसाची विटांची भिंत २५ फूट रुंद, १०० फूट उंच असं नोंदवतो, मेस्पिलाचा पाया शिंपल्यांच्या खुणा असलेल्या घडीव दगडाचा. त्याला वाटलं ही मीड या जुन्या इराणी लोकांची शहरं. खरं तर ती निमरूद आणि निनेवे, असीरियाच्या राजधान्या! निनेवे पडलं इ.स.पू. ६१२ मध्ये, म्हणजे जेमतेम दोनशे वर्षं झाली होती आणि तिथल्या माणसांना त्या साम्राज्याचं नावसुद्धा सांगता आलं नाही. यावर मी किती वेळा विचार केलाय सांगता येत नाही.

शेवंती

घाटमाथा, त्याच लारिसाच्या वर्णनात एक वाक्य आहे ते तुम्ही सोडलंत. तिथे एक उंच दगडी मनोरा होता आणि त्यावर आजूबाजूच्या गावांतली बरीच माणसं पळून येऊन बसली होती. कुणाला घाबरून? ह्याच फौजेला.

मला या धाग्यात ती माणसं हवी होती. दहा हजारांचं पोट रोज कोण भरत होतं? वाटेतली गावं. आर्मेनियात जमिनीखालची घरं, तोंड विहिरीसारखं आणि आत ऐसपैस, माणसं शिडीने उतरायची, गुरांना वेगळी वाट, शेळ्या मेंढ्या कोंबड्या सगळं आत, आणि मोठ्या भांड्यांत जवाची दारू, वर जव तरंगतायत, नळीने ओढून प्यायची. हे वर्णन सगळे मिटक्या मारत सांगतात, पण ते कुणाचं तरी वर्षभराचं धान्य होतं. गावच्या मुखियाला वाटाड्या म्हणून नेलं, आपल्याला गावाकडे नेत नाही म्हणून चिरिसोफसने त्याला मारलं, तो रात्री पळाला, आणि त्याचा मुलगा या लोकांकडेच राहिला.

आणि टाओखी लोकांचा डोंगर. धान्य संपलेलं म्हणून यांनी तो किल्ला घेतला, तेव्हा वरच्या बायकांनी आधी पोरं कड्यावरून खाली टाकली आणि मग स्वतः उड्या मारल्या, मागोमाग पुरुषांनी. भारी कपडे घातलेल्या एकाला वाचवायला म्हणा की लुटायला म्हणा एनियास नावाच्या कप्तानाने पकडलं, तो त्याला घेऊन खाली गेला. त्या लोकांच्या लेखी ही 'घरी परतणारी शूर माणसं' नव्हती. जाब द्यायचाच तर यांना कुणी दिला?

उंबरठाण

शेवंतीताई, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि असूही नये. जाब होता तो फौजेच्या आत होता, बाहेरच्यांसाठी नव्हता. फौजेतसुद्धा गुलाम आणि धरून आणलेल्या बायका होत्या, नदी उतरताना पुरुषांच्या गजराबरोबर बायकाही ओरडल्या असं एका ओळीत येऊन जातं, आणि त्यांना सभेत हात वर करायचा हक्क नव्हता. एवढंच म्हणेन की टाओखींच्या कड्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे ती झेनोफननेच लिहिली म्हणून, आणि ते दृश्य भयंकर होतं असं त्याने स्वतःच म्हटलंय.

दवंडी

शिंकेची गोष्ट कुणीच सांगितली नाही! सेनापती मारले गेल्यानंतरच्या सभेत झेनोफन भाषण करतोय, आपण वाचू शकतो असं म्हणतोय, आणि त्याच क्षणी गर्दीत कुणीतरी शिंकलं. आपल्याकडे आजी म्हणाली असती थांब जरा, पाणी पी, मग निघ. तिथे उलट, सगळ्या सैनिकांनी एकदम देवाला नमस्कार केला, कारण त्यांच्यात शिंक म्हणजे झ्यूसचा शुभशकुन. झेनोफनने लगेच तो धागा पकडून म्हटलं, सुखरूप पोचलो की झ्यूसला बळी देऊ, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे हात वर. त्याच भाषणात, इराण्यांकडे घोडदळ आहे म्हणून घाबरलेल्यांना तो सांगतो की आजवर लढाईत घोडा चावून किंवा लाथ मारून कुणी मेलेलं नाही, जे काही करतात ती माणसंच.

आणि दोनच दिवसांत इराण्यांच्या गोफणी-बाणांनी हैराण झाल्यावर त्याला कळलं की नुसत्या भाषणाने भागत नाही. मग फौजेतले ऱ्होड्स बेटाचे लोक शोधले, ते शिशाच्या गोळ्या वापरायचे ज्या इराण्यांच्या दगडांपेक्षा दुप्पट लांब जायच्या. २०० गोफणवाले उभे केले आणि सामानाच्या घोड्यांतून निवडून ५० स्वारांचं घोडदळ. हा प्रसंग मला फार आवडतो कारण चूक झाली ती त्याने कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी उपाय उभा केला.

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे, म्हणून मला वेगळ्याच गोष्टी दिसतात. बर्फात चालताना डोळे दिपून आंधळे झालेले सैनिक, त्यावर डोळ्यांपुढे काहीतरी काळं धरून चालायचा उपाय. रात्री चपलांचे बंद सैल न करता झोपलेल्यांच्या पायात पट्टे रुतून चपला पायाला गोठून बसायच्या, कारण जुन्या चपला फाटल्यावर ताज्या सोललेल्या बैलाच्या कातड्याच्या चपला केल्या होत्या. भुकेने वाटेत कोसळणारी माणसं, कुणीतरी अनुभवी म्हणालं यांना खायला द्या, दिलं की उठून चालायला लागायची. पाय चालते ठेवा, रात्री सोडून झोपा, हे आजही असंच सांगू.

आणि तो वेड लावणारा मध! काळ्या समुद्राकाठच्या ट्रॅबझॉनच्या जवळ सैनिकांनी पोळ्यातला मध खाल्ला, उलट्या, जुलाब, उभं राहता येईना, थोडा खाल्लेले दारू प्यायल्यासारखे, जास्त खाल्लेले वेड्यासारखे, काही मरायला टेकल्यासारखे, पराभव झाल्यासारखी माणसं जमिनीवर पसरली होती म्हणतो. मेलं कुणीच नाही, दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला शुद्धीवर यायला लागले, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठले. तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांत ग्रेयानोटॉक्सिन असतं, त्याने नाडी मंदावते, रक्तदाब पडतो. लक्षणं आणि बरं व्हायला लागलेला वेळ आजच्या केसेसशी जुळतो. इतकं चोख निरीक्षण करणाऱ्या माणसावर मी बराच विश्वास ठेवेन, कातळवाट.

लगाम

झेनोफनचं घोड्यांवरचं छोटं पुस्तक कुणी काढलं नाही म्हणून लिहितो, मी घोडेस्वारी शिकवतो. सगळ्यात मोठी शिकवण: रागाच्या भरात घोड्याला हात लावायचा नाही. घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर मारायचं नाही, आपण आधी त्या वस्तूला हात लावून दाखवायचं आणि त्याला हळूच जवळ न्यायचं, कारण मारलं तर त्याला वाटतं हे दुखणं त्या वस्तूमुळेच आलं. जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत काही शोभा नसते, जशी नर्तकाला चाबूक मारून नाचवलं तर नसेल. रिकीब तेव्हा नव्हती हे लक्षात घ्या, नुसत्या मांडीच्या पकडीवर भाला चालवायचा. खूर टणक व्हावेत म्हणून तबेल्यापुढे गोल दगड पसरायला सांगतो. नवीन पोरांना मी यातलं बरंच सांगतो आणि मग सांगतो की हे २४०० वर्षांपूर्वीचं आहे.

कातळवाट

डॉक्टर, निरीक्षणाबद्दल वाद नाही. माझी तक्रार 'हेलेनिका'बद्दल तर आणखी मोठी आहे. थ्युसिडिडीसचा इतिहास इ.स.पू. ४११ मध्ये अर्धवट तुटतो, झेनोफन तिथून उचलून ३६२ पर्यंत आणतो, फार मोठं काम. पण स्पार्टाचा राजा अजेसिलॉस हा त्याचा मित्र आणि आश्रयदाता, कोरोनियाच्या लढाईत हा त्याच्या बाजूने होता जिथे समोर अथेन्सचीही माणसं होती. अथेन्सने हद्दपार केलं, स्पार्टाने ऑलिम्पियाजवळ स्किलसला जमीन दिली. मग ल्युक्ट्राला इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्सच्या एपामिनोन्डासने स्पार्टाचं कंबरडं मोडलं, तर त्या लढाईच्या वर्णनात एपामिनोन्डासचं नावच नाही! अथेन्सने उभारलेला दुसरा संघ, मेगालोपोलिस शहराची स्थापना, सगळं गाळलंय. हा इतिहासकार म्हणून गुन्हाच आहे.

उंबरठाण

इथे मी पूर्ण तुमच्या बाजूला. त्याच्या प्रेमाने त्याचा इतिहास बिघडवला. फक्त शेवट वाचा. मॅन्टिनियाच्या लढाईत त्याचा मुलगा ग्रिलस अथेन्सच्या घोडदळातून लढताना मारला गेला, आणि बाप त्याच लढाईने पुस्तक संपवतो, मुलाचं नावही न घेता, एवढंच लिहितो की सगळ्यांना वाटलं होतं आता निकाल लागेल पण ग्रीसमध्ये आधीपेक्षा जास्त गोंधळ माजला, पुढचं दुसऱ्या कुणीतरी बघावं. आणि तिथे एपामिनोन्डासचं कौतुक केलंय, उशिरा का होईना.

परसदार

छान चर्चा. भारताचा काही संबंध येतो का त्याच्या लिखाणात?

शेवंती

येतो, 'सायरोपीडिया'त. इराणी साम्राज्य उभारणाऱ्या थोरल्या सायरसचं चरित्र म्हणून लिहिलेलं पण बरंचसं कल्पित. त्यात भारताच्या राजाचे दूत येतात आणि विचारतात की मीड आणि असीरियाचं भांडण कशावरून आहे, आम्ही दोन्हीकडे विचारणार आणि ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्या बाजूने उभे राहणार. सायरस म्हणतो, भारताच्याच राजाने निवाडा करावा. इतिहास म्हणून शून्य, पण इ.स.पू. चौथ्या शतकातल्या ग्रीकाच्या मनात भारत म्हणजे न्याय करणारा दूरचा श्रीमंत राजा, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि कुनाक्साला सम्राटाची जखम बांधणारा ग्रीक वैद्य टेसियस, ज्याचा दाखला झेनोफन देतो, त्याने भारतावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं, निम्म्याहून जास्त अद्भुत गोष्टींनी भरलेलं.

परसदार

धन्यवाद ताई. सुरुवात कुठून करू? आणि अरियनसुद्धा असाच सैनिक-इतिहासकार ना?

उंबरठाण

'अनाबासिस'चं तिसरं आणि चौथं प्रकरण आधी वाचा, सेनापती पकडल्यापासून समुद्र दिसेपर्यंत. आघाडीतून आरडाओरडा ऐकून झेनोफनला वाटतं हल्ला झाला, घोडा दामटत पुढे जातो तर सगळे 'समुद्र! समुद्र!' ओरडत एकमेकांच्या गळ्यात पडून रडतायत. मग पहिल्या प्रकरणाकडे या, पाचवं सभांसाठी वाचा, केरासस गावाला मोजदाद झाली तेव्हा ८६०० उरले होते तेही त्यातच आहे. त्याने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणी नंतर. सॉक्रेटिसला विष दिलं तेव्हा इ.स.पू. ३९९ मध्ये हा आशियातच होता, तो खटला त्याने इतरांकडून ऐकून लिहिलाय.

शेवंती

अरियन पाचशे वर्षांनंतरचा, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात कॅपाडोशियाचा सुभेदार. अलेक्झांडरचा इतिहास त्याने झेनोफनसारखाच सात भागांत लिहिला आणि नावही तेच दिलं, शिवाय भारतावर वेगळं पुस्तक. ट्रॅबझॉनहून हेड्रियनला लिहिलेल्या वृत्तांताची सुरुवातच अशी आहे की झेनोफनने आणि तुम्ही जिथून समुद्र पाहिला तिथूनच आम्हीही पाहिला. त्याच्यावर मी वेगळा धागा काढते, सिंधू आणि मकरानच्या वाळवंटासकट. कातळवाट, तिथेही या, तुमच्या शंका लागतीलच.